वेंडलचं छत कुणी गुंडाळलं?

१

वेंडल हॅस्किन मरून पडलेला दिसला तेव्हा अर्डिथला आधी हायसं वाटलं, आणि मग आपल्याला वाईट वाटायला हवं याची आठवण झाली. खोटं कशाला बोला! अख्ख्या चॉक क्रीक स्टेट पार्कात त्या माणसासाठी टिपूस गाळणारं कुणी नव्हतं, आणि अर्डिथ विंडहोल्झ तर नव्हेच नव्हे. कॅन्ससच्या या पश्चिम टोकाला तिने उभा जन्म गारपिटीच्या विम्याचे दावे तपासण्यात घालवला होता. समोर शेतकरी रडतोय म्हणून तिने त्याचं नुकसान कधी एका कणसानेही वाढवून लिहिलं नाही. आता निवृत्तीनंतर ती या पार्कात कॅम्पची देखरेख करायची. म्हणजे घरगाडी लावायला फुकट जागा घ्यायची आणि त्या बदल्यात येणाऱ्याजाणाऱ्यांना दटावायचं. दटावण्याचं काम तिने जागा न घेताही केलं असतं.

वेंडल खडूच्या पांढऱ्या कड्याखाली, अर्ध्यावरच्या एका सपाट कपारीवर पालथा पडला होता. काल संध्याकाळी वादळ झालं आणि त्यामागून पाऊस झोडपून गेला, त्यामुळे त्याच्या अंगावरचे कपडे पिळून काढावेत इतके ओले होते. पण शेरीफच्या माणसांनी त्याला उचललं तेव्हा त्याच्या पोटाखालचा खडू कोरडा ठणठणीत निघाला.

"पावसाच्या आधी पडलाय," शेरीफ रॉय अनरू म्हणाला.

"शाबास! एवढं शिकायला किती वर्षं लागली रे तुला?" अर्डिथ म्हणाली. रॉय शाळेत होता तेव्हापासून ती त्याच्या बापाच्या शेतावर दावे तपासायला जायची. त्याच्या कमरेच्या पिस्तुलाचं तिला काही वाटत नसे.

"मॅडम, टोमणे नंतर मारा. वर छातीएवढा कठडा आहे. पाय घसरला म्हणून कुणी कठड्यावरून पलीकडे जात नाही. ढकललाय त्याला. काल कॅम्पात कोण कोण होतं?"

हंगाम संपत आला होता, चारच घरगाड्या उरल्या होत्या. एक वेंडलची, जुनी आणि बसएवढी लांब. तिच्या शेजारी गॅलन फ्रीझन आणि त्याची बायको लव्हॉन यांची. समोर विचिटाहून भाड्याची गाडी घेऊन आलेलं कर्टिस आणि ब्रिआना हे तरुण जोडपं. आणि फाटकापाशी अर्डिथची स्वतःची. तिने बोटं मोडत सांगितलं.

"आणि तुमच्या गाडीत तुमच्याबरोबर कोण राहतं?" रॉयने टोपी काढून हातात घेतली. हा माणूस टोपी फक्त वाईट बातमी सांगताना काढायचा.

"तुला माहीत नाही होय? माझा मुलगा. ब्रेंट."

"तो आत्ता माझ्या गाडीत आहे," रॉय म्हणाला. "मागच्या सीटवर. बेड्या घालून बसवलाय."

२

"मी कुणाचं ऐकून हे करत नाहीये," रॉय म्हणाला. "सकाळी तुम्हीच माझ्या माणसाला जे सांगितलंत त्यावरून करतोय."

आणि त्याने तिचंच बोलणं तिला परत ऐकवलं. काल दुपारभर वारा पडलेला होता, ऊन मी म्हणत होतं. चारही गाड्यांची कापडी छतं दाराच्या अंगाला सावलीसाठी ताणलेली होती. मग पश्चिमेकडून काळंकभिन्न आलं आणि एकदम वारा सुटला. अशा वेळी छत गुंडाळून गाडीला लावलं नाही तर वारा ते दांड्यांसकट उपटून गाडीच्याच डोक्यात घालतो. अर्डिथ तेव्हा ब्रेंट आणि पार्काचा रेंजर मीड यांच्याबरोबर सांडपाण्याच्या टाकीपाशी होती, तिथून ती ओरडत कॅम्पभर धावली. सगळ्यांनी न्हाणीघरात चला! न्हाणीघर तेवढं काँक्रीटचं, चक्रीवादळ आलं तरी टिकेल असं.

"वेंडलच्या गाडीपाशी आलात तेव्हा त्याचं छत गुंडाळलेलं होतं. बरोबर?"

"हो."

"तुम्ही दार वाजवलंत."

"लाथ मारली. आतून हूं का चूं नाही. माझ्या हाकेला तो तसाही कधी ओ देत नसे. म्हटलं, मर मग. ते तो आधीच करून बसला असेल हे मला काय माहीत?"

"आधी नाही, नंतर," रॉय म्हणाला. "वारा सुटला तेव्हा तो जिवंत होता, छत गुंडाळलं त्याने. मग कड्यावर वादळ बघायला गेला. आपल्याकडची निम्मी गाढवं जातात तसा. आणि पाऊस यायच्या आत मेला. त्या वेळात फ्रीझन नवराबायको, ती विचिटाची पोरं, रेंजर मीड, सगळे न्हाणीघरात तुमच्या नजरेसमोर बसले होते. एकटा ब्रेंट नव्हता."

"तो झोपला होता."

"असं तो म्हणतो. शुक्रवारी सगळ्यांसमक्ष वेंडलला म्हणाला होता, कड्यावरून फेकून देईन. मॅडम, तुमचा मुलगा पॅरोलवर आहे. खून सिद्ध व्हायला वर्ष लागेल, पण पॅरोल मोडायला माझा संशय पुरतो. संध्याकाळी त्याला न्यायला गाडी येईल. उरलेली सगळी शिक्षा भोगावी लागेल."

उरलेली शिक्षा म्हणजे ब्रेंट बाहेर येईल तेव्हा अर्डिथ जमिनीखाली असेल. हा हिशेब करायला तिला कागद लागला नाही.

ती गाडीपाशी गेली. ब्रेंटने काच खाली असूनही तिच्याकडे बघितलं नाही.

"काल टाकीपासून निघून कुठे गेला होतास?"

"सांगितलं ना, झोपलो होतो."

लहानपणापासून हा मुलगा खोटं बोलताना कान खाजवायचा. आता हात मागे बांधले होते, पण उजवा खांदा आपोआप कानाकडे गेला. अर्डिथने ते पाहिलं.

"ब्रेंट, तू मारलंस त्याला?"

"नाही!" या वेळी खांदा जागचा हलला नाही. "मला वाटलं असतं तर मारला असता, आई. पण कुणीतरी आधीच मारला. आता बघतेस काय? आयुष्यभर दुनियेचं खोटं पकडत फिरलीस. पोटच्या पोराचं एकदा खरं करून दाखव की. का तुझ्याच तोंडाने मला आत घालणार?"

३

विचिटाच्या जोडप्याच्या गाडीची दशा बघवत नव्हती. छताचं कापड फाटून टपावर लोंबत होतं, एक दांडा वाकून खिडकीतून आत घुसला होता. कर्टिस त्याच्याकडे बघत उभा होता आणि ब्रिआना कर्टिसकडे.

"म्हटलं होतं, तंबू घेऊया," ब्रिआना म्हणाली. "तर म्हणे, मला गाडी चालवता येते. गाडी चालवता येते, छताचं काय?"

"पुस्तिकेत लिहिलेलंच नव्हतं!"

"पुस्तिकेत होतं. तू उलटी धरली होतीस."

"भांडण मागाहून करा," अर्डिथ म्हणाली. "वेंडलला शेवटचं कधी पाहिलंत?"

ब्रिआनाने पाहिलं होतं. जेवणं झाल्यावर तो आपल्या छताखाली टेबलापाशी दुर्बीण घेऊन बसला होता, नेहमीसारखा लोकांच्या खिडक्यांत बघत. ती पडदा ओढून झोपली. वारा सुटल्यावर जाग आली ती कर्टिसच्या शिव्यांनी.

"वेंडलला छत गुंडाळताना पाहिलंस?"

"नाही. आम्ही या बाजूला आमच्याशीच झोंबत होतो. खिडक्या उघड्या होत्या, ऐकू मात्र सगळं येत होतं."

"काय ऐकलंस?"

"तुम्हाला. तुमची लाथ. मला वाटलं वीज पडली."

"त्याच्या आधी कुणी त्याचं दार वाजवलं? हाक मारली?"

"कुणीच नाही. तुम्हीच पहिल्या." ब्रिआना जरा घुटमळली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "एक सांगू का? तो मेला ते बरं झालं. तुम्हाला माहितीय तो त्या म्हाताऱ्या बाईशी काय करायचा?"

लव्हॉन रोज दुपारी रडते हे अर्डिथला माहीत होतं. अख्ख्या कॅम्पाला माहीत होतं. तिचं डोकं गेलेलं, सकाळचं दुपारी आठवत नाही, तेव्हा रडणारच, असं सगळे धरून चालले होते.

"तिचा नवरा आंघोळीला गेला की तो येऊन तिच्या शेजारी बसायचा," ब्रिआना म्हणाली. "ती विचारायची, माझी ऱ्होंडा कुठाय? आणि तो हसत हसत सांगायचा, तुझी ऱ्होंडा मेली. ट्रकखाली आली. पुरली तिला. रोज! तिला दर वेळी नव्याने कळायचं हो. ती किंचाळायची आणि तो दुर्बीण मांडीवर ठेवून बघत बसायचा."

"आणि तुम्ही दोघं काय करत होतात?"

कर्टिस फाटक्या छताकडे बघू लागला. "आम्ही सुट्टीवर आलोय," तो म्हणाला.

अर्डिथच्या जिभेवर चांगली सणसणीत शिवी आली होती. पण मग स्वतः आपण इतके दिवस काय करत होतो हे तिला आठवलं, आणि तिने ती शिवी गिळली.

४

गॅलन फ्रीझन दारात बसून लव्हॉनच्या पायात मोजे घालत होता. सहा फुटांचा थोराड म्हातारा, हात फावड्याएवढे, पण मोजा घालताना बायकोच्या बोटाला धक्का लागू द्यायचा नाही. रोज सकाळी तो तिला ट्रकमध्ये घालून कुठे कुठे फिरवून आणायचा. कधी खडूत सापडलेल्या राक्षसी माशांचं संग्रहालय, कधी गव्यांचा कळप, आणि येताना गावातल्या हॉटेलात चेरी भरलेली गोड पेस्ट्री. तिला त्यातलं काही आठवत नसे. त्यामुळे प्रत्येक गवा तिला पहिल्यांदाच दिसायचा आणि ती लहान मुलीसारखी टाळ्या पिटायची. अर्डिथचा नवरा गेला त्या हिवाळ्यात हाच गॅलन रोज येऊन तिच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढून जायचा आणि कॉफीलाही थांबायचा नाही. जगात तिला मित्र म्हणावा असा तो एकच.

"अगंबाई, पाहुणी!" लव्हॉन म्हणाली. "आमची ऱ्होंडा भेटली का वाटेत?"

"ऱ्होंडा शाळेच्या सहलीला गेलीय, राणी," गॅलन शांतपणे म्हणाला. "उशिरा येईल."

"अस्सं होय." लव्हॉन खूश झाली आणि खिडकीतल्या चिमण्यांकडे बघू लागली.

"काल दुपारी कुठे होतास?" अर्डिथने विचारलं.

"इथेच. ही झोपली होती. अर्डिथ, हिच्या दुखण्याच्या गोळ्यांची बाटली दिसत नाहीये कालपासून. तुला कुठे पडलेली दिसली तर बघ हं." त्याने दुसरा मोजा उचलला. "ब्रेंटला धरलाय म्हणे. पण चौकशी करून सोडतील ना?"

"सोडतात कुठले! संध्याकाळी गाडी येतेय. पॅरोल रद्द. उरलेली सगळी वर्षं आत."

गॅलनच्या हातातला मोजा तसाच राहिला. "संध्याकाळी? आजच? गुरुवारपर्यंत नाही का थांबणार?"

"गुरुवारी काय आहे?"

"कुठे काय. हिची बहीण यायची आहे, नेब्रास्काहून. बाकी काही नाही." त्याने मान खाली घातली आणि मोजा चढवला. उलटा.

अर्डिथ बाहेर पडली तेव्हा तिच्या मनात काहीतरी खुपत होतं. ते काय, हे बघायला तिची पावलं आपोआप शेजारच्या गाडीकडे वळली.

५

वेंडलच्या गाडीपुढे सगळा चिखल झाला होता. त्याची खुर्ची उडून झुडपात अडकली होती. चटईचा गोळा होऊन चाकात गेला होता. टेबल तेवढं विजेच्या खांबाला साखळीने बांधलेलं म्हणून जागेवर होतं, आणि टेबलाच्या कडेच्या खिळ्याला पट्ट्याने टांगलेली दुर्बीण वाऱ्यावर खांबाला आपटून फुटली होती. भिंगांत पाणी शिरलं होतं.

आणि वर छत! गच्च, सरळ, एक सुरकुती नाही. दोन्ही दांडे आत बसवून पट्ट्यांनी आवळलेले. अर्डिथ कमरेवर हात ठेवून बघत राहिली. गारपिटीनंतर शेताच्या बांधावर ती अशीच उभी राहायची. काय मोडलंय त्याच्याकडे सगळेच बघतात. ती काय मोडलेलं नाही त्याकडे बघायची, आणि तिथेच दाव्यातलं खोटं सापडायचं.

वारा सुटला तर माणूस स्वतःचं छत कसं गुंडाळतो? आधी खालचं सामान आत टाकतो, नाहीतर ते उडून छतातच अडकतं. वेंडलला ही दुर्बीण जिवापेक्षा प्यारी होती. तो छत वाचवेल आणि हातभर अंतरावरची दुर्बीण बाहेर ठेवेल? शक्यच नाही.

मग कोण असं करतं? शेजारी! घरगाडीवाल्यांची ही पहिल्यापासूनची रीत आहे. शेजारी बाहेर गेलेला असेल आणि वारा सुटला, तर आपलं छत अर्धवट टाकून त्याचं वाचवायचं. पण त्याच्या सामानाला हात लावायचा नाही. छत वाचवणं हा शेजारधर्म, सामान उचललं तर चोरी. हे कुणी कुणाला शिकवत नाही, सगळ्यांना माहीत असतं.

म्हणजे वेंडलने छत गुंडाळलंच नव्हतं. म्हणजे वारा सुटला तेव्हा तो जिवंत होता असं म्हणायला काही आधारच उरला नाही. तो दुपारीच मेला असला पाहिजे, वारा पडलेला असताना. दुर्बीण टेबलाला टांगून, आत्ता येतो म्हणून कुणाबरोबर तरी उठून गेला आणि परत आलाच नाही. आणि दुपारभर, जेवणापासून वारा सुटेपर्यंत, ब्रेंट तिच्या आणि रेंजर मीडच्या मध्ये उभा राहून तुंबलेली टाकी उपसत होता, शिव्या देत. सुटला! अर्डिथला वाटलं, आत्ता धावत जावं आणि रॉयची टोपी त्याच्या डोक्यावर नीट बसवावी.

ती वळली आणि जागच्या जागी थांबली. छत गुंडाळलं कुणी मग?

विचिटाच्या पोरांनी? ज्यांना स्वतःचं गुंडाळता आलं नाही त्यांनी? ती स्वतः, ब्रेंट आणि मीड टाकीपाशी होते. आणि ज्याने गुंडाळलं त्याने हाक कशी मारली नाही? मालक आत आहे की बाहेर हे माहीत नसेल तर माणूस आधी दार ठोठावतो, अरे बाबा, वारा सुटलाय! ब्रिआनाने सगळं ऐकलं, पण अर्डिथच्या लाथेआधी दारावर टकटक नाही, की हाक नाही. गुंडाळणाऱ्याला माहीत होतं की हाकेला ओ द्यायला आत कुणी नाही.

आणि असं पुण्याचं काम करून कोण गप्प बसतं? इथे कुणी कुणाचं छत वाचवलं तर पुढचे चार दिवस त्याची बढाई चालते.

अर्डिथ चिखलात तशीच उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाटलं, आपल्याला चुकीचं दिसलं असेल तर किती बरं होईल.

६

गॅलनने तिला येताना पाहिलं आणि तो दार ओढून बाहेर आला.

"ती झोपलीय," तो म्हणाला. "हळू बोल."

"तू त्याचं छत का गुंडाळलंस रे?" अर्डिथने विचारलं. "गाढवा, उडू द्यायचं होतंस ना ते!"

गॅलन पायरीवर बसला.

"मला सुचलंच नाही," तो म्हणाला. "वारा सुटला. हिला बूट घालून बाहेर काढली. त्याचं छत फडफडत होतं. मी ते गुंडाळलं. इतकी वर्षं कुणाचंही उडताना दिसलं की गुंडाळतोय. तो तिकडे कपारीवर पडलाय हे मला माहीत होतं, अर्डिथ. माहीत असूनच गुंडाळलं. पट्टे आवळून झाल्यावर माझ्या लक्षात आलं मी काय करतोय ते."

"आणि तो?"

"शनिवारी मी आंघोळीला गेलो आणि टॉवेल विसरलो म्हणून परत आलो. तेव्हा ऐकलं." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मी काही बोललो नाही. काल म्हटलं, कड्यावर चल, शार्कचा दात दिसतोय खडूत, तुला दाखवतो. तिथे गेल्यावर विचारलं, असं का करतोस? तर म्हणाला, गॅलन, इथे टीव्ही लागत नाही. टीव्ही लागत नाही म्हणून, अर्डिथ! मी त्याला उचलला आणि कठड्यापलीकडे सोडला. पोत्याइतकंही वजन नव्हतं त्याचं."

आतून लव्हॉनचं घोरणं ऐकू येत होतं. अर्डिथला त्याच्या शेजारी बसावंसं वाटत होतं. ती बसली नाही.

"मी सांगणारच होतो," गॅलन म्हणाला. "देवाशप्पथ. गुरुवारी बहीण आली की हिला तिच्या हातात देऊन सरळ रॉयकडे जाणार होतो. ब्रेंटला चार दिवस बसावं लागेल, सुटेल, असं मला वाटलं. पॅरोलचं माझ्या डोक्यातच आलं नाही." त्याने मान वर केली. "तीन दिवस दे मला. तीन दिवस, अर्डिथ. ही अनोळखी माणसांच्यात जागी झाली तर ओरडून ओरडून मरेल. मी तुझ्यापाशी कधी काही मागितलं नाही."

खरंच मागितलं नव्हतं. बर्फ काढून कॉफीसुद्धा मागितली नव्हती.

"ते त्याला संध्याकाळी नेणार," अर्डिथ म्हणाली. "एकदा आत गेला की परत बाहेर काढायला मी पुरणार नाही. माझा मुलगा आहे तो."

"चोर आहे तो, अर्डिथ. तुलाही माहीत आहे."

"आहे. पण त्याने हे केलेलं नाही." तिने पाठ ताठ केली. "तीन दिवस नाही. तीन तासही नाही. तू चालत येतोस की रॉयला इकडे बोलावू?"

गॅलनने तिच्याकडे असं पाहिलं की तिला वाटलं, हा आता शिवी देईल. ती दिली असती तर तिला बरं वाटलं असतं. तो उठला, आत जाऊन आला आणि दार हळूच लावलं.

"उठली की दूध गरम करून दे," तो म्हणाला. "साय चालत नाही तिला. माझं विचारलं तर सांग, बर्फ आणायला गेलाय. मग ती दहा मिनिटं गप्प बसते. पुन्हा विचारलं की पुन्हा सांगायचं. बहीण येईपर्यंत एवढं करशील?"

"करीन."

तो शेरीफच्या गाडीकडे चालू लागला. मागे वळून त्याने एकदाही पाहिलं नाही.

७

रॉयने ऐकून घेतलं, दुर्बीण पाहिली, छत पाहिलं, गॅलनची कबुली घेतली. मग टोपी काढून हातात घेतली. "मॅडम, याच्यापेक्षा मी चुकलो होतो तेच बरं होतं," तो म्हणाला. ज्या सीटवरून ब्रेंट उतरला त्याच सीटवर गॅलनला बसवलं. मान वाकवून बसावं लागलं त्याला, इतका तो उंच.

दुपारी फ्रीझनांच्या गाडीत लव्हॉन उठली. अर्डिथने दूध गाळून दिलं. लव्हॉनने विचारलं, गॅलन कुठाय? बर्फ आणायला गेलाय. बरं. ऱ्होंडा? शाळेची सहल. बरं. मग पुन्हा गॅलन. जन्मभर खोट्याचा माग काढणारी अर्डिथ एकामागून एक खोटं बोलत राहिली, आणि प्रत्येक खोट्याला ती म्हातारी समाधानाने मान डोलवत राहिली.

संध्याकाळी ब्रेंट आला. आंघोळ करून, केस विंचरून, दात दाखवत.

"मानलं तुला, आई! रॉयचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. काहीतरी चांगलं खायला कर आज."

तो बाकावर आडवा झाला. त्याच्या जाकिटाच्या खिशातून एक बाटली घरंगळून जमिनीवर आली. अर्डिथने ती उचलली. बाटलीवर लव्हॉन फ्रीझनचं नाव होतं आणि आत एकही गोळी नव्हती.

"म्हणजे वादळात तू इथे होतास," ती म्हणाली. "या घरात. हिच्या गोळ्या चोरत होतास."

"मग शेरीफला काय सांगायचं होतं? चोरी करत होतो म्हणून? ते सांगितलं तरी पॅरोल गेलाच असता." ब्रेंटने खांदे उडवले. "तिला कुठे आठवतंय काय दुखतंय ते?"

"कोण आहे हा?" लव्हॉनने विचारलं. "गॅलनला सांगा, पाहुणा आलाय. गॅलन कुठाय?"

अर्डिथने तोंड उघडलं, पण ब्रेंटने आधी उत्तर दिलं. त्याला जांभई येत होती.

"गॅलन तुरुंगात गेला, आजीबाई. आता नाही यायचा तो. आणि पुन्हा विचारू नकोस, माझं डोकं दुखतंय."

लव्हॉनच्या हातातला पेला सांडला. तिने आधी ब्रेंटकडे पाहिलं, मग अर्डिथकडे, आणि मग तिचं तोंड उघडलं. तो आवाज अर्डिथने आजवर कित्येक दुपारी आपल्या गाडीत बसून ऐकला होता. एवढ्या जवळून कधी ऐकला नव्हता. तिने लव्हॉनला घट्ट धरलं, तिचं डोकं आपल्या छातीशी दाबलं, आणि म्हातारी तिच्या हातांत तडफडत राहिली. ब्रेंट कानांवर उशी दाबून घेत होता.

आवाज थांबायला फार वेळ लागला. तो थांबल्यावर अर्डिथने लव्हॉनला पांघरूण घातलं, आपल्या ट्रकची किल्ली काढली आणि ब्रेंटच्या अंगावर फेकली.

"ट्रक घे आणि नीघ."

"कुठे?"

"मला सांगू नकोस. कळलं तर मी रॉयला सांगेन. खरं तेच सांगते मी, तुला माहीत आहे."

"आई, डोकं फिरलंय का तुझं? माझ्यासाठी त्याला आत घातलंस ना? मग आता?"

"नीघ म्हणते ना!"

त्याने किल्ली उचलली. दार आपटलं, ट्रक सुरू झाला, आणि फाटकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर धुरळाही उडाला नाही, इतका चिखल होता. अर्डिथ खिडकीपाशी उभी राहून तो दिसेनासा होईपर्यंत बघत होती.

मागून लव्हॉन उठून बसली. तिचे डोळे सुजलेले होते, पण चेहरा मोकळा झाला होता. सगळं पुसून गेलं होतं.

"कोण मुलगा होता गं तो?" तिने कौतुकाने विचारलं. "तुझा का?"

"नाही," अर्डिथ म्हणाली. "रस्ता विचारायला आला होता."